परबवाली गोळी

"काही गोळ्याबिळ्या चालू आहेत का?" हा प्रश्न नोकरीत मी जितक्यांदा विचारला तितक्यांदा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. आणि त्यावर जेवढं खोटं ऐकलं, तेवढं लग्नं जुळवणाऱ्यांनीही ऐकलं नसेल.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी एंडोस्कोपीची सिस्टर होते. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघायचं. नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. डॉक्टर नळी धरतात आणि पेशंट मला धरतो. माझ्या मनगटावर नखं रुतवली नाहीत असा माणूस अंधेरीपासून मुलुंडपर्यंत क्वचितच सापडेल. आता निवृत्त झाले. घरी बसून नवऱ्याला विचारते, "गोळी घेतली का?" तोही खोटंच बोलतो.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, काहीतरी थरारक लिहा. त्यांना रक्त, धावपळ, लाल दिवे असलं काही हवं असणार. आमच्याकडचा थरार वेगळा. माणसाला रात्रीपासून उपाशी राहायला सांगावं, त्याने मान हलवावी, आणि सकाळी टेबलावर झोपवल्यावर हळूच सांगावं, "फक्त चहा घेतलाय. आणि खारी." मग डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते, आणि खारीवाल्याला उद्याची वेळ मिळते.

आमच्या विभागाचं निम्मं आयुष्य एका जंतूच्या मागे गेलं. नाव त्याचं एच. पायलोरी. पिळाचा, शेपट्यांचा, डोळ्याला न दिसणारा. आपल्या पोटातलं आम्ल इतकं कडक असतं की तिथे कुणी टिकेल असं पूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. हा पठ्ठ्या टिकतो. पोटातला युरिया फोडतो, त्यातून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि आम्लाला जवळ येऊ देत नाही. मग निवांत पोटाच्या अस्तराला चिकटून राहतो. आपल्याकडे बहुतेकांच्या पोटात तो लहानपणीच येतो, बहुधा घरातल्या घरात, एकमेकांकडून. नेमका कसा, ते अजूनही कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो, म्हणजे पोटात जखम. अगदी थोड्यांना पुढे कॅन्सर. यालाच का आणि त्याला का नाही, यावर अजून संशोधन चालूच आहे.

मी शिकाऊ होते तेव्हा अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट, असंच आम्ही लोकांना सांगायचो. किती मालवणी माणसांच्या ताटातलं कालवण मी बंद केलं असेल. दुधी उकडून खा, राग आवरा, सुनेशी भांडू नका. बिचारे सगळं ऐकायचे. दुधी खाऊन माणसं वाळली, सुना माजल्या, अल्सर तसाच. याचं मला आजही वाईट वाटतं. मग परदेशातल्या एका डॉक्टरने हे जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि स्वतःचं पोट सुजवून घेतलं, तेव्हा कुठे जगाची ट्यूब पेटली. आमच्या सामंत डॉक्टरांना ही गोष्ट फार प्रिय. नळी घातलेल्या पेशंटला ते ती हमखास ऐकवायचे, कारण त्याला उठून जाता येत नाही.

हा जंतू आहे की गेला हे बघायला दर वेळी नळी घालावी लागत नाही. फुंकायची चाचणी असते. पेशंटने एका पिशवीत फुंकायचं, मग खास खूण केलेला युरिया पाण्यातून प्यायचा, थोडं थांबून दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि ती खूण श्वासातून बाहेर येते. मशीन ते सांगतं. चाचणी सोपी, लहान मूलही करेल. अडचण एकच. आम्ल कमी करणारी गोळी चालू असली की जंतू मरत नाही, नुसता दबून बसतो, आणि मशीन सांगतं, जंतू नाही. म्हणून आधी दोन आठवडे ती गोळी बंद ठेवावी लागते.

आणि इथेच मुंबईकर आमची वाट लावतो. कारण ही गोळी औषध आहे हे त्याला मान्यच नाही. पार्ल्याचे एक निवृत्त गृहस्थ फाईल घेऊन आले होते. फाईलला रंगीत खुणा, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. चालू औषधे या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात 'शून्य' लिहिलेलं. फुंकताना खिशातून स्ट्रिप पडली.

"ही काय आहे?" मी विचारलं.

"ही होय? ही गॅसची आहे."

"मग ते औषध नाही?"

"अहो सिस्टर, औषध आजारावर घेतात. गॅस काय आजार आहे?"

तेव्हापासून मी औषधांचं विचारणंच सोडलं. "सकाळी चहाच्या आधी काय घेता?" असं विचारायचे. लोक भडाभडा सांगायला लागले.

तर हे सगळं माहीत असूनही परब काकांच्या बाबतीत आमचा पार पोपट झाला.

परब काका असल्फाच्या टेकडीवर राहायचे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात टर्नर होते, रिटायर झालेले. मूळचे मालवणकडचे, मच्छीशिवाय जेवण म्हणजे त्यांना उपास. एका दुपारी घरात रक्ताची उलटी झाली आणि जागीच बसले. टेकडीवर रिक्षा जात नाही, पुरुषमाणसं कामावर. गल्लीतल्या बायकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघींनी खुर्ची उचलून पायऱ्या उतरून खाली आणलं. आमच्याकडे आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. सामंत डॉक्टरांनी नळी घालून रक्त थांबवलं. आत चांगला मोठा अल्सर होता आणि जंतूही होता.

एवढ्यावर भागलं नाही. ॲडमिट असतानाच कळलं की काकांच्या हृदयाच्या नळ्याही तुंबल्यात. हार्टवाले डॉक्टर म्हणाले, आत स्टेंट बसवायला हवा, आणि त्यानंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. पण त्याच गोळ्यांनी अल्सर पुन्हा वाहू शकतो. गोळ्या घेतल्या तर पोटाला धोका, नाही घेतल्या तर हृदयाला. सामंत डॉक्टरांनी सुमती काकूंना, म्हणजे परब काकांच्या बायकोला, समोर बसवून सांगितलं, "काकू, मध्ये हा जंतू बसलाय. अल्सर भरला आणि हा गेला की मी हार्टवाल्यांना हो म्हणेन. तोपर्यंत नाही. आणि फार वेळ काढून चालणार नाही."

काकू बारीक चणीच्या, डोक्यावर पदर नाही पण तोंडावर सदा एक गंभीर भाव, जणू सगळ्या जगाचा स्वयंपाक त्यांनाच करायचाय. त्यांनी फक्त मान हलवली.

त्या सुमारास डॉक्टरांचं संशोधन चालू होतं, कोणती औषधं या जंतूवर अजून चालतात याचं. प्रश्न गंभीर आहे. दोन जुलाब झाले की आपण केमिस्टकडून अँटिबायोटिक आणतो, दोन घेतो, बरं वाटलं की उरलेल्या फ्रिजवर. जंतूला अर्धवट मार बसतो आणि तो शहाणा होतो. जगभर हीच रड आहे. जुनी औषधं थकत चाललीत, नवी येतायत, लस अजून आलेली नाही, आणि आधी जंतूची परीक्षा करून मगच औषध निवडावं असं आता मोठे लोक म्हणतात. काका त्या संशोधनात सामील झाले. त्यांना दोन आठवड्यांची पेटी मिळाली. दोन अँटिबायोटिक आणि आम्लाची गोळी, सकाळ-संध्याकाळ. रिकाम्या स्ट्रिपा परत आणून द्यायच्या.

काकूंनी स्ट्रिपा आणल्या त्या रबरबँड लावून, एकसारख्या रचून. एकही गोळी मागे नाही. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, पेशंट असावा तर असा. मग ठरल्याप्रमाणे मध्ये दिवस जाऊ दिले, काकांनी फुंकलं, आणि मशीन म्हणालं, आहे. चांगला ठणठणीत आहे.

काकूंचं तोंड उतरलं. हार्टवाल्यांची तारीख पुढे गेली. सामंत डॉक्टर मात्र, खोटं कशाला सांगू, आतून खूश झाले होते. औषध पूर्ण घेतलं आणि तरी जंतू जिवंत, म्हणजे हा जंतू सगळ्यांना पुरून उरलेला. त्यांनी कॉन्फरन्ससाठी काकांची स्लाईडसुद्धा बनवली. मला दाखवली. झकास होती, बाणबिण होते.

पुढच्याच आठवड्यात ओपीडीत एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, धडधाकट, केसांचा बुचडा, हातात पिशवी. लता तिचं नाव, माहेर जालन्याकडचं. डॉक्टरांसमोर बसली आणि म्हणाली, "मला परबवाली गोळी पाहिजे."

"परबवाली म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पिशवीतून स्ट्रिपचा कापलेला कोपरा काढला. "ही. सुमती काकूंनी दिलेली. माझी जळजळ किती वर्षांची, चार दिवसांत गेली बघा. आता परत सुरू झालीय आणि काकू म्हणतात, संपली. सगळ्या गल्लीचं म्हणणं आहे की डॉक्टर हुशार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"सगळ्या गल्लीचं?" डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका-काकूंना बोलावलं. काकूंनी काही लपवलं नाही. उलट एकेक नाव बोटावर मोजून सांगितलं. सकाळची गोळी यांना, संध्याकाळची लताला. कोपऱ्यावरच्या आजींना आठवडाभर. शिलाईवाल्याला मध्ये मध्ये. "आणि आजींच्या सुनेला एकदाच दिली," काकू म्हणाल्या, "ती नको म्हणत होती."

आणि गुण सगळ्यांना आला होता. येणारच. पेटीत आम्लाची गोळी होती, तिने कुणाचंही पोट थंड होतं. जंतू मात्र जिथल्या तिथे, वर थोडा व्यायाम झालेला.

"काका, तुम्हाला माहीत होतं हे?" मी विचारलं.

काका खाली बघत म्हणाले, "माका वाटला आता मी बरो झालंय, मगे गोळये फुकट कित्याक घालवूचे?"

मला असा संताप आला. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात काकूच बोलल्या, आवाज न चढवता. "सिस्टर, त्या दिवशी यांची खुर्ची खांद्यावर घेऊन लता पायऱ्या उतरली. तिची पाठ अजून दुखते. ती माझ्यासमोर पोट धरून बसते आणि माझ्या घरात गुणाचं औषध आहे. मी काय कपाटाला कुलूप लावून बसू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले, म्हणून मी उगाच ड्रॉवर उघडून काहीतरी शोधायला लागले. डॉक्टरांनी कॉम्प्युटर उघडून ती स्लाईड पुसली.

आता दुसरं औषध द्यायचं होतं, जास्त कडक, दिवसातून चार वेळा घ्यायचं. हे शेवटचं नव्हतं, पण यानंतरचे रस्ते अवघड होते आणि काकांची छाती आता जिना चढताना बोलायला लागली होती. ही पेटी गल्लीत फिरली तर संपलंच. डॉक्टरांनी काकूंना अर्धा तास समजावलं. काकूंनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर माझा काडीचा विश्वास राहिला नव्हता.

या दुसऱ्या औषधात बिस्मथ असतं. त्याने जीभ काळी पडते, संडासही काळी होते, तोंडाला दिवसभर लोखंडाची चव. धोका काही नाही, बंद केलं की सगळं पूर्ववत. काकूंना मी बाजूला घेऊन हे नीट सांगितलं, नाहीतर काळं बघून त्या घाबरल्या असत्या. चक्कर आली, उलटी झाली, संडास डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र धावत या, हेही सांगितलं. मग मी त्यांना घेऊन बाहेर गेले. बाहेर लता बसली होती, तिलाही डॉक्टरांनी तपासायला बोलावलेलं. तिच्या शेजारी उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "काकू, जीभ अगदी तव्यासारखी काळी होईल हां. लोक विचारतील. आणि खालूनही काळं. भात खाल्ला तरी खिळा चावल्यासारखं लागेल."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. फक्त आवाज मोठा होता.

संध्याकाळपर्यंत बातमी टेकडीच्या माथ्यावर पोचली. गोळी मागायला कुणी दाराशी आलं नाही. पण मजा पुढेच झाली. लताच्या लक्षात आलं की काकांनी गोळी स्वतः घेतली की नाही हे बघायला रिकाम्या स्ट्रिपा मोजायची गरजच नाही. ती रोज सकाळी पाण्याला जाताना दारात उभी राहायची आणि म्हणायची, "काका, जीभ."

काका जीभ काढायचे. काळी असली की लता पुढे जायची. एकदा जरा फिकी दिसली तर तिने काकूंना बाहेर बोलावून जाब विचारला. काका मला सांगत होते, "ह्या वयात माका शाळेत घातल्यानी हेंनी." पण सांगताना खूश होते.

कोर्स संपला. मग थांबायचे आठवडे, आणि शेवटी ती आम्लाची गोळी बंद ठेवायचे दिवस. काका हैराण झाले. जळजळीने रात्र रात्र बसून काढायचे. डॉक्टरांनी घोटभर पातळ औषधाची परवानगी दिली होती, त्यावर भागवायचं. कोपऱ्यावरच्या आजींनी खालच्या केमिस्टला जाऊन बजावलं की परबांना गोळी दिलीस तर तुझं दुकान चालू देणार नाही. ज्यांनी काकांची पहिली पेटी खाल्ली, तेच आता पहारा देत होते.

चाचणीच्या दिवशी काका आले. मी विचारलं, "सकाळी चहाच्या आधी काय घेतलं?"

"लताच्यो शिव्यो," काका म्हणाले.

फुंकले. पहिली पिशवी, युरिया, दुसरी पिशवी. काकू बाकावर बसून तळहात एकमेकांवर घासत होत्या. मशीन आपल्या गतीनेच चालतं, त्याला कुणाच्या हृदयाशी देणंघेणं नसतं. आकडा आला. जंतू गेला होता.

मी सांगितलं तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता हार्टवाल्यांकडे जायचं ना?" आणि उठून पिशवी उचलली.

सामंत डॉक्टरांनी नळी घालून अल्सर भरलाय याचीही खात्री करून घेतली आणि हार्टवाल्यांसाठी हो लिहून दिलं. कागद देता देता त्यांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "काकू, त्या पहिल्या पेटीतल्या तुम्ही किती घेतल्या होत्या?"

"मी कशाला घेऊ?" काकू म्हणाल्या. "मला काय झालंय?"

डॉक्टर म्हणाले, तुम्हीही एकदा फुंकून बघा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी असं हल्ली बरेच जण म्हणतात. काकू नाहीच म्हणाल्या. यांचं ऑपरेशन तोंडावर, घरी कामं पडलीत, मला काय्येक नाय. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की नवराबायकोत हा जंतू पुन्हा एकमेकांकडे जातो का, याबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही, मोठ्यांमध्ये तसं कमीच होतं. काकू म्हणाल्या, मग राहू दे, आणि दाराकडे निघाल्या.

खात्रीने सांगता येत नाही, हे डॉक्टरांना. मी काही डॉक्टर नाही.

मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "काकू, त्यांचं आता साफ झालंय. यापुढे परत आलं तर ते तुमच्याकडूनच येणार. मग रक्त पातळ करायची गोळी चालू, आणि पोटात परत अल्सर. बघा बाई."

आतून सामंत डॉक्टर मोठ्याने खोकले. मी लक्ष दिलं नाही.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "आधी नाही सांगायचं? द्या, काय फुंकायचंय ते द्या."

त्यांनी फुंकलं. आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. त्या सबंध वर्षात एवढा मोठा आकडा आमच्याकडे आला नव्हता. काकांची मान खाली गेली. बायकोची पिशवी मांडीवर घेऊन ते बाकावर कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

काकूंना पेटी दिली. त्यांनी सगळ्या गोळ्या वेळेवर आणि स्वतः घेतल्या, कारण प्रश्न नवऱ्याच्या जिवाचा होता. काका समोर बसून त्या गिळेपर्यंत उठायचे नाहीत, आणि लता दारातून विचारायची, "गिळली का?" मधल्या काळात काकांचा स्टेंट झाला. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पोटाने काही कुरकुर केली नाही.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. आधी काकांची सगळी खबर दिली. चालायला जातात, सुरमई मागतात, लताशी भांडतात. मी म्हटलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? हसू नका हां. सगळ्यांचं पोट असं शांत असतं?"

"म्हणजे?"

"नाही, लग्न झाल्यापासून माझं जळतच होतं. मला वाटायचं, पोट म्हणजे असंच असतं."